श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस, सातारा

श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे सातारा येथे इ.स. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सुरू केलेले गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह होय. रयत शिक्षण संस्थेच्या निवासी शिक्षणाच्या कार्यातील हे सर्वांत महत्त्वाचे केंद्र मानले जाते. सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एका छताखाली राहावे, एकाच स्वयंपाकघरातले अन्न एका पंगतीत बसून खावे आणि आपल्या खर्चाचा काही भाग स्वतःच्या श्रमातून उचलावा, ही या वसतिगृहाची तीन सूत्रे होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. याच वसतिगृहाच्या अनुभवातून १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत निवासी हायस्कूल उभे राहिले.

वसतिगृहाच्या नावातील ‘शाहू’ म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२). अठराव्या शतकात साताऱ्याच्या गादीवर असलेले छत्रपती शाहू महाराज वेगळे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळा खेड्यांपर्यंत पोहोचू लागल्या होत्या. माध्यमिक शिक्षण मात्र जिल्ह्याच्या व संस्थानांच्या मुख्य गावांपुरतेच होते. खेड्यातील मुलाला चौथीच्या पुढे शिकायचे असल्यास शहरात राहावे लागे, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च शाळेच्या फीपेक्षा कितीतरी अधिक असे. ब्राह्मण विद्यार्थ्यांना नातेवाइकांचे घर, वार लावून जेवण किंवा माधुकरी असे काही पर्याय होते. शेतकरी, बलुतेदार व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना यांपैकी एकही वाट मोकळी नव्हती. त्यामुळे बहुजन समाजाच्या शिक्षणाचा प्रश्न मुख्यतः राहण्याचा व जेवणाचा प्रश्न बनला होता. महाराष्ट्रात ‘बोर्डिंग’ हा शब्द खेडोपाडी रुळला, त्याचे कारणही हेच.

या प्रश्नाचे पहिले व्यापक उत्तर कोल्हापुरात शोधले गेले. राजाराम कॉलेजला जोडून १८९६ साली निघालेल्या सर्वांसाठीच्या वसतिगृहाचा लाभ प्रत्यक्षात ब्राह्मणेतर मुलांना फारसा झाला नाही. तेव्हा शाहू महाराजांनी प्रत्येक समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत इत्यादी समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाची स्थापना झाली. त्या त्या समाजाने आपल्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यावी आणि संस्थानाने जमीन, इमारत व अनुदान देऊन तिला हातभार लावावा, अशी ही योजना होती. तिच्यामुळे कोल्हापूर ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

भाऊराव पाटील आणि कोल्हापूरचा अनुभव

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी कोल्हापुरात आल्यावर ते जैन बोर्डिंगमध्ये राहिले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहून परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि या कारणावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यानंतर शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचे कोल्हापुरातील वास्तव्य चालू राहिले. त्यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही.

या काळात भाऊरावांनी दोन गोष्टी जवळून पाहिल्या. वसतिगृह नसेल तर गरीब मुलाचे शिक्षण थांबते, ही पहिली. वसतिगृह जातीच्या भिंतींत बांधले गेले, तर शिकलेला मुलगाही त्याच भिंतींत राहतो, ही दुसरी. पुढे साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह उभारले, त्यात शाहू महाराजांच्या कार्याचा वारसा होता आणि त्या कार्याच्या पुढे टाकलेले एक पाऊलही होते.

शाळेबाहेर बसून शिकणाऱ्या ज्ञानदेव घोलप या अस्पृश्य समाजातील मुलाला भाऊरावांनी कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले, ही घटना त्यांच्या शैक्षणिक कार्याची नांदी समजली जाते. घोलप यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाचे संपादन केले.

आरंभीची वसतिगृहे

१९०९–१० च्या सुमारास भाऊरावांनी काही सहकाऱ्यांसह दुधगाव येथे शिक्षण मंडळ स्थापून विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली. त्यानंतरच्या काळात त्यांनी ओगले काचकारखाना, किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना आणि साताऱ्यातील धनजीशा कूपर यांचा कारखाना यांच्यासाठी काम केले. नांगर व काचसामान यांच्या विक्रीच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांशी आलेला हा संबंध पुढे वसतिगृहासाठी धान्य व विद्यार्थी गोळा करताना उपयोगी पडला.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचा भाऊरावांवर मोठा प्रभाव होता. कराड तालुक्यातील काले येथे भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेत शिक्षणसंस्था काढण्याचा विचार पुढे आला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले येथे लगोलग वसतिगृह सुरू करण्यात आले. १९२१ मध्ये वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह निघाले. मात्र माध्यमिक शिक्षणाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी असल्याने खेड्यातील वसतिगृहांच्या मर्यादा लवकरच स्पष्ट झाल्या.

साताऱ्यातील स्थापना

१९२४ साली संस्थेचे मुख्य कार्यालय साताऱ्यास आले आणि त्याच वर्षी तेथे वसतिगृह सुरू झाले. आरंभी मुलांची संख्या अगदी थोडी होती आणि भाऊरावांचा संसार व वसतिगृह यांत फारसे अंतर नव्हते. विद्यार्थ्यांची निवड भाऊराव बहुधा स्वतः करीत. खेड्यात फिरताना हुशार पण परिस्थितीने गांजलेला मुलगा आढळला, की त्याच्या आईवडिलांची समजूत घालून ते त्याला साताऱ्यास आणत. पुढे साताऱ्यातील ‘धनिणीची बाग’ या नावाने ओळखली जाणारी जागा वसतिगृहाला मिळाली. तेथील वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह झाले.

नामकरण

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी साताऱ्याच्या भेटीत महात्मा गांधींनी वसतिगृह पाहिले आणि त्यांच्या हस्ते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे त्याचे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुस्लिम अशा वेगवेगळ्या समाजांची मुले एकत्र राहतात व एकत्र जेवतात, हे पाहून गांधींनी भाऊरावांची प्रशंसा केली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह याच वर्षी मार्च महिन्यात झाला. सार्वजनिक तळ्यातील पाण्याला हात लावण्यासाठीही जेव्हा संघर्ष करावा लागत होता, त्याच दिवसांत साताऱ्यात एका पाण्यावर व एका चुलीवर मुले वाढत होती. वसतिगृहाचे महत्त्व या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

दिनक्रम व व्यवस्था

वसतिगृहातील मुले शहरातील शाळांत शिकत आणि उरलेल्या वेळात वसतिगृहाची कामे करीत. स्वयंपाकाला मदत करणे, पाणी भरणे, भांडी घासणे, परिसराची झाडलोट, लाकडे फोडणे, भाजीपाला पिकवणे ही कामे पाळीने वाटून दिलेली असत. कामाच्या वाटणीत जात पाहिली जात नसे. ज्या समाजात झाडू एका जातीच्या हाती आणि पळी दुसऱ्या जातीच्या हाती ठरलेली होती, तेथे ही पाळीची पद्धत हाच एक धडा होता. खोल्या बांधणे, जमीन साफ करणे यांसारख्या जड कामांतही विद्यार्थ्यांचा सहभाग असे.

अन्न साधे, म्हणजे भाकरी-आमटीचे असे. राहणीही साधी होती. अनावश्यक रूढी व खर्च टाळणे, काटकसर, स्वावलंबन आणि परस्परांविषयी बंधुभाव हे रयत शिक्षण संस्थेच्या घोषित उद्दिष्टांत होते. वसतिगृह ही त्या उद्दिष्टांची प्रयोगशाळा होती. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य आणि ‘कमवा व शिका’ ही योजना या दोहोंचे मूळ येथील दिनक्रमात आहे.

श्रमाविषयीची भाऊरावांची भूमिका केवळ पैसा वाचवण्याची नव्हती. फुकट मिळालेल्या अन्नाने मुलगा शिकेल, पण मिंधा होईल, अशी त्यांची धारणा होती. आपण कोणाच्या दयेवर शिकलो नाही, ही जाणीव घेऊन विद्यार्थ्याने बाहेर पडावे, असा श्रमामागील हेतू होता. श्रीमंतांच्या देणग्या संस्थेने नाकारल्या नाहीत. मात्र त्यांच्याबरोबरच विद्यार्थ्याचे श्रम आणि सामान्य रयतेचा वाटा आवश्यक मानला गेला.

आर्थिक पाया

वसतिगृहाच्या उत्पन्नाची साधने तुटपुंजी व अनिश्चित होती. ज्यांना शक्य असेल ते पालक धान्याच्या रूपाने काही वाटा देत. गावोगाव ‘मुष्टिफंड’ गोळा केला जाई. घरातील स्त्रीने दळणाच्या किंवा स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि साठलेले धान्य संस्थेला द्यायचे, अशी ही पद्धत होती. रोख देणगी देणे ज्या घरांना अशक्य होते, त्यांनाही यामुळे संस्थेच्या कार्यात वाटा उचलता आला. सुगीच्या दिवसांत भाऊराव व त्यांचे सहकारी धान्यासाठी खेडी पालथी घालत. यांशिवाय संस्थानिकांची व धनिकांची मदत, तसेच सरकारी अनुदान यांचाही आधार वेळोवेळी मिळाला.

लक्ष्मीबाई पाटील यांचे योगदान

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वसतिगृहाच्या घडणीतील वाटा मोलाचा आहे. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या जैन घरात त्या वाढल्या होत्या. आरंभी सर्व जातींच्या मुलांना आपल्या स्वयंपाकघरात सामावून घेणे त्यांना सोपे गेले नाही. पुढे मात्र त्याच या मुलांच्या आई झाल्या. मुलांचे जेवणखाण, आजारपण आणि रुसवेफुगवे त्यांनी सांभाळले. भाऊराव निधीसाठी फिरतीवर असताना वसतिगृहाचा सारा भार त्यांच्यावर असे.

वसतिगृह चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने एकामागून एक विकले गेले. एकदा कोठीतील धान्य संपले असता मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. सौभाग्यचिन्ह म्हणून मंगळसूत्राला असलेले स्थान लक्षात घेता, त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने हा निर्णय किती कठीण होता, याची कल्पना येते. १९३० साली त्यांचे निधन झाले. वसतिगृहाचा पुढील विस्तार पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. वसतिगृहाच्या इतिहासात संस्थापक म्हणून भाऊरावांचे नाव येते. परंतु ज्या एका चुलीमुळे हे वसतिगृह वेगळे ठरले, ती चूल पहिली काही वर्षे लक्ष्मीबाईंनी चालवली होती.

वसतिगृहापासून निवासी शाळेकडे

१९३२ मध्ये गांधी व डॉ. आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्याचे स्मरण म्हणून रयत शिक्षण संस्थेने पुण्यात ‘युनियन बोर्डिंग हाउस’ सुरू केले. साताऱ्याच्या वसतिगृहाचे एकत्र राहण्या-जेवण्याचे तत्त्वच तेथे अवलंबण्यात आले.

खेड्यात शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, आणि खेड्यात राहण्यास तयार असलेला शिक्षक खेड्यातूनच घडवला पाहिजे, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी संस्थेची कायदेशीर नोंदणी झाली. पुढील काही वर्षांत संस्थेने दुर्गम खेड्यांत अनेक ऐच्छिक प्राथमिक शाळा उघडल्या. वसतिगृहात वाढलेल्या मुलांपैकी कित्येक जण शिक्षक होऊन या कामात उतरले. पूर्वी खेड्यातून साताऱ्यास आणलेला मुलगा आता शिक्षक म्हणून खेड्यात परतत होता.

या टप्प्यापर्यंत वसतिगृहातील मुलांना माध्यमिक शिक्षणासाठी इतरांच्या शाळांवर अवलंबून राहावे लागत होते. ही उणीव १९४० मध्ये ‘महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल’च्या स्थापनेने दूर झाली. आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भाऊरावांच्या कार्यास साहाय्य केले होते. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले होते. मोफत आणि निवासी हे दोन्ही गुण असलेले हे हायस्कूल देशातील अशा प्रकारचे पहिले हायस्कूल असल्याचे संस्थेतर्फे सांगितले जाते. येथे फीऐवजी श्रम ही कल्पना शालेय व्यवस्थेचाच भाग बनली.

जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ‘कमवा व शिका’ योजना महाविद्यालयीन पातळीवर पोहोचली. शेतात व बांधकामावर काम करून पदवी घेणारे विद्यार्थी हे या महाविद्यालयाचे वैशिष्ट्य ठरले.

अनुदानाचा प्रश्न

सरकारी अनुदान घ्यावे, पण त्यासाठी आपले मत गहाण ठेवू नये, अशी भाऊरावांची भूमिका होती. या भूमिकेची कसोटी १९४८ मध्ये लागली. भाऊरावांनी सरकारवर केलेल्या जाहीर टीकेनंतर मुंबई प्रांताच्या सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शाळा व वसतिगृहे यांचा पसारा तोपर्यंत बराच वाढला असल्याने हा आघात मोठा होता. शिक्षकांनी तुटपुंज्या पगारावर काम चालू ठेवले आणि धान्य व देणग्या गोळा करण्यासाठी पुन्हा गावोगाव हिंडणे सुरू झाले. काही काळाने अनुदान पूर्ववत झाले. यासाठी संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली होती, असे संस्थेच्या परंपरेत सांगितले जाते. १९५४ साली कराड येथे निघालेल्या संस्थेच्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

मर्यादा

शाहू बोर्डिंग हे मुलांचे वसतिगृह होते. मुलींच्या निवासाची व शिक्षणाची सोय संस्थेने नंतरच्या काळात स्वतंत्रपणे केली. गरीब घरातील मुलगी शिकण्यासाठी घराबाहेर राहील, ही कल्पना १९२० च्या दशकातील ग्रामीण समाजाला पेलणारी नव्हती. त्यामुळे जातिभेदाच्या बाबतीत काळाच्या पुढे गेलेला हा प्रयोग स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत बराच काळ मागे राहिला.

दुसरी मर्यादा या व्यवस्थेच्या स्वरूपातच होती. प्रारंभीचे वसतिगृह एका कुटुंबाच्या सर्वस्वाच्या त्यागावर उभे होते. असा त्याग प्रत्येक शाखेत अपेक्षिणे शक्य नव्हते. संस्थेने ‘आजीव सदस्य’ व ‘आजीव सेवक’ यांची पद्धत रूढ करून या त्यागाला संस्थात्मक रूप देण्याचा प्रयत्न केला.

प्रभाव व वारसा

वसतिगृहातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी शिक्षण, प्रशासन व सार्वजनिक जीवन या क्षेत्रांत कार्य केले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांपैकी एक ठळक नाव. भाऊरावांच्या छायेखाली शिकून ते इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाले, संस्थेच्या सेवेत परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’चे इंग्रजी भाषांतरही त्यांनी केले.

भाऊराव पाटील यांना १९५९ साली भारत सरकारने पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. आज रयत शिक्षण संस्थेची चाळीसहून अधिक महाविद्यालये व चारशेहून अधिक माध्यमिक विद्यालये आहेत. २०२१ मध्ये साताऱ्यातील संस्थेच्या महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले.

महाराष्ट्रातील शैक्षणिक चळवळीच्या इतिहासात शाहू बोर्डिंगचे स्थान दोन कारणांनी वेगळे ठरते. जातवार वसतिगृहांनी बहुजन समाजाला शाळेच्या दारापर्यंत आणले. शाहू बोर्डिंगने त्या मुलांना एकमेकांशेजारी बसवले. तसेच गरिबाच्या मुलाचे शिक्षण हा दानाचा विषय नसून त्या मुलाच्या श्रमाचा आणि समाजाच्या जबाबदारीचा विषय आहे, हे तत्त्व या वसतिगृहाने व्यवहारात उतरवले. पुढील काळात ग्रामीण महाराष्ट्रात निघालेल्या अनेक वसतिगृहांनी व निवासी शाळांनी राहण्या-जेवण्याची व्यवस्था उचलली. एक पंगत आणि पाळीचे काम या दोन गोष्टी मात्र जेथे टिकल्या, तेथेच साताऱ्याच्या या प्रयोगाचा वारसा पूर्णार्थाने चालू राहिला, असे म्हणता येते.